पत्रा आणि गंजाचा पत्ता

गुहागर हे लांबट गाव आहे. एका बाजूला समुद्र, किनाऱ्यालगत सुरूची झाडे, मग नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि त्यांच्यामधून वरच्या पाटापासून खालच्या पाटापर्यंत गेलेला रस्ता. घरे जांभ्याची. जांभ्याचा तांबूस रंग लोहाच्या ऑक्साइडांचा, म्हणजे गंजाच्याच कुळातला. लाखो वर्षांच्या पावसाने मूळ खडकातली विरघळणारी द्रव्ये वाहून नेली आणि लोहाची व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली. भट्टीत कोळसा जाळून आपण अशाच ऑक्साइडांमधून ऑक्सिजन काढून घेतो आणि लोखंड मिळवतो. संधी मिळाली की लोखंड तो ऑक्सिजन परत घेते.

अशा गावात कुणी हौसेने जुनी फियाट दुरुस्त केली, चकचकीत रंगवली आणि अंगणात उभी केली, तर तिच्या पत्र्याचे पुढे काय होईल? ‘रंग लावला आहे ना, मग झाले’ असे सहज म्हटले जाते. हे उत्तर अपुरे का आहे, ते कळायला माणसाला शंभरएक वर्षे लागली.

आधी गुहागरच्या हवेबद्दल. लाटा फुटताना उडालेले बारीक तुषार वाऱ्याबरोबर आत येतात आणि मिठाचे कण सगळ्यावर बसतात. किनाऱ्यापासून दूर जावे तसे हवेतले मीठ आणि लोखंडाचे गंजणे दोन्ही झपाट्याने कमी होतात. ॲम्बलर आणि बेन यांनी नायजेरियाच्या किनाऱ्यावर मोजमाप करून १९५५ मध्ये हे दाखवले. म्हणजे रस्त्याच्या समुद्राकडच्या अंगणातली गाडी आणि डोंगरापलीकडच्या वाडीतली गाडी यांचे आयुष्य सारखे नसते. दुसरी गोष्ट स्वयंपाकघरात रोज दिसते. पावसाळ्यात बरणीतल्या खडेमिठाला पाणी सुटते. शुद्ध सोडियम क्लोराइड हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्के झाली की पाझरू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते तर सुमारे ३३ टक्क्यांनाच पाझरते. कोकणातली हवा एवढी कोरडी क्वचितच होते. म्हणून पत्र्यावर बसलेले मीठ ऊन पडले तरी पुरते वाळत नाही. डोळ्यांना कोरडी दिसणारी गाडी खाऱ्या पाण्याच्या पातळ थराखाली असते.

शाळेत आपण तीन परीक्षानळ्यांत खिळे ठेवतो. एकीत साधे पाणी आणि हवा, दुसरीत उकळलेले पाणी व वर तेलाचा थर, तिसरीत हवा कोरडी ठेवणारे कॅल्शियम क्लोराइड. पहिलीतलाच खिळा गंजतो, आणि गंजायला पाणी व ऑक्सिजन दोन्ही लागतात हे सिद्ध होते. प्रयोग चांगला आहे. पण तो ‘काय लागते’ एवढेच सांगतो. खिळ्यावर गंज नेमका कुठे सुरू होतो, हा प्रश्न तो विचारतच नाही.

या प्रश्नाचा पहिला धागा जहाजांपाशी सापडतो. लाकडी जहाजांना किडा लागू नये म्हणून बुडाला तांब्याचे पत्रे ठोकत, आणि ते समुद्रात झिजत. ब्रिटिश नौदलाने हम्फ्री डेव्हीला उपाय विचारला. डेव्हीने १८२४ मध्ये तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले. आता झिजू लागले ते तुकडे, आणि तांबे तसेच राहिले. कोचीला बांधलेल्या ‘समरांग’ या जहाजावरही हा उपाय करून पाहण्यात आला. गंमत अशी, की तांबे वाचले पण जहाजे मंदावली. झिजणाऱ्या तांब्याचे विष पाण्यात उतरत होते तोवर शंखशिंपले बुडाला चिकटत नव्हते; तांबे झिजायचे थांबल्यावर ते खुशाल चिकटू लागले. नौदलाने उपाय सोडून दिला. पण झिज म्हणजे विजेचा एक छोटा घटच असतो आणि त्यात एका धातूचा बळी देऊन दुसरा वाचवता येतो, हे डेव्हीने दाखवून दिले होते.

फ्रान्समध्ये सोरेलने १८३७ मध्ये लोखंडाचा पत्रा वितळलेल्या जस्तात बुडवण्याचे पेटंट घेतले, तेव्हा हेच तत्त्व घराच्या छपरापर्यंत आले. जस्ताचा मुलामा दिलेली बादली आणि कथलाचा मुलामा दिलेला डबा यांतला फरक मुलांना अवश्य दाखवावा. बादलीला ओरखडा पडला तर जस्त झिजते आणि उघडे पडलेले लोखंड वाचते. डब्याला ओरखडा पडला तर उलटे घडते. तिथे कथील सुरक्षित राहते आणि ओरखड्याखालचे लोखंड अधिक वेगाने गंजते.

पण या दोन्हींत दोन धातू आहेत. एकाच लोखंडाच्या पत्र्यावर घट कसा तयार होतो? याचे उत्तर केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात दिले, तेही मिठाच्या पाण्याच्या एका थेंबाने. घासलेल्या लोखंडावर थेंब ठेवला तर थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, मध्यभागी पोचत नाही. लोखंड विरघळते ते मध्यभागी, जिथे ऑक्सिजन कमी आहे तिथे. ऑक्सिजन वापरला जातो कडेला. दोन्हींकडची द्रव्ये जिथे भेटतात तिथे गंजाचे कडे उमटते.

म्हणजे ऑक्सिजनशिवाय गंज नाही, आणि तरीही पत्रा खाल्ला जातो तो ऑक्सिजन कमी पोचणाऱ्या जागी. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून जोडलेला सांधा, मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यात साचलेला चिखल, रंगाला आलेल्या फोडाखालची जागा, हे सगळे इव्हान्सच्या थेंबाचे मध्य आहेत. गाडीचा उघडा, वाऱ्यावरचा, रोज पुसला जाणारा भाग त्या मानाने सुखरूप असतो.

आता गाडीकडे वळू. सुरुवातीच्या मोटारींना खाली मजबूत चासी असे आणि वर लाकडी सांगाड्यावर पत्रे ठोकलेले असत. पत्रा गंजला तर गाडी वाईट दिसे, मोडत नसे. १९२२ च्या लॅन्सिया लॅम्डापासून चासी आणि अंग एकच करण्याची रीत सुरू झाली आणि १९३४ च्या सिट्रोएनने ती रुळवली. पत्र्याला घड्या घालून बंद पेट्या करायच्या आणि त्याच पेट्यांनी गाडीचा भार पेलायचा. फियाट ११०० हीच रीत घेऊन आली. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली स्थापन झाली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९५० च्या दशकापासून ही गाडी बनू लागली आणि १९७४ पासून ती ‘पद्मिनी’ म्हणून ओळखली गेली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचा चेहरा झालेली ही गाडी २००० च्या सुमारास बनणे थांबले, आणि शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. आता उरलेल्या गाड्या हौशी लोकांकडेच.

दाराखालची लांब पेटी बघा. ती बाहेरून रंगवलेली असते, पण आत रंगाचा फवारा पोचत नाही. पाणी मात्र पोचते. आत ओल, ऑक्सिजन कमी, सांधे भरपूर. असे असता ती आतूनच खाल्ली जाते आणि बाहेर फोड दिसतो तेव्हा पत्रा कागदाइतका उरलेला असतो. हा केवळ रूपाचा प्रश्न नाही, त्या पेटीवर गाडीतल्या माणसांचा भार असतो. ब्रिटनमध्ये १९८० साली लॅन्सिया बीटा गाड्यांमध्ये इंजिनाची चौकट धरणारी पेटीच आतून गंजल्याचे उघड झाले आणि कंपनीला कित्येक गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या.

रंगाच्या थरांचा इतिहासही मजेदार आहे. लोखंडाला पूर्वी जो तांबडा रंग पहिल्यांदा देत तो जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर, म्हणजे मारुतीला लावतात तोच शिशाचा ऑक्साइड. तेल आणि शेंदूर मिळून तयार होणारे शिशाचे साबण गंजाला खरोखर आळा घालत. पण शिसे विषारी. त्याची जागा घेणारे रेड ऑक्साइड दिसायला जवळपास तसेच, मात्र ते लोहाचे ऑक्साइड आहे, निष्क्रिय आहे. रंग सारखा म्हणून गुण सारखा, अशी समजूत अजून अनेक गॅरेजांत आढळते. तिला आधार नाही.

पत्र्याला फॉस्फेटचा थर देण्याचे पेटंट कॉसलेट या इंग्रजाने १९०६ मध्ये घेतले. दिल्लीच्या लोहस्तंभात फॉस्फरस सुमारे पाव टक्का आहे आणि त्यामुळे त्यावर फॉस्फेटयुक्त संरक्षक थर जमला, हे आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी २००० च्या सुमारास उलगडून दाखवले. (तो स्तंभ गुहागरच्या किनाऱ्यावर उभा असता तर इतका टिकला असता का, याची आम्हाला शंका आहे. दिल्लीची बहुतेक वर्षभर कोरडी आणि मीठ नसलेली हवा हेही त्याचे भाग्य.)

बंद पेटीचा प्रश्न सुटला तो १९६० च्या दशकात. फोर्ड कंपनीत जॉर्ज ब्रूअर यांनी गाडीचे अख्खे अंग रंगाच्या पाण्यात बुडवून त्यातून वीज सोडली. रंगाचे कण पत्र्याकडे ओढले जातात. जिथे थर बसला तिथे वीज अडते, म्हणून कण पुढच्या उघड्या जागी जातात आणि असे करत पेटीच्या आत शिरतात. सुरुवातीला गाडी धनाग्र असे, त्यामुळे थोडे लोखंडही विरघळून रंगात मिसळे. १९७६ नंतर गाडी ऋणाग्र करण्याची पद्धत आली आणि ती जगभर पसरली.

जुनी गाडी दुरुस्त करणाऱ्याकडे असा हौद नसतो. त्याला पेटी उघडूनच बघावी लागते. गंजलेला भाग कापून नवा पत्रा जोडावा लागतो, त्यावर पुट्टी थापून चालत नाही. पितळेचा जोड दिला तर पितळ आणि लोखंड यांचा घट खाऱ्या हवेत पुन्हा लोखंडच खातो. खरवडून न निघणाऱ्या गंजावर टॅनिनचे द्रावण लावतात, मग तो काळा पडतो. हिरडा आणि हिराकस यांची जुनी शाई ज्या रसायनाने काळी होते तेच हे रसायन. पेटीच्या आत पातळ मेण सोडावे आणि पाणी निघून जायची भोके मोकळी ठेवावीत. खालच्या अंगाला जाड डांबर फासण्याची पद्धत आम्हाला धोक्याची वाटते, कारण डांबर तडकले की फटीत पाणी शिरते आणि बाहेरून काही दिसत नाही. दाभोळ-धोपावे फेरीतून खाडी ओलांडून आल्यावर गाडी गोड्या पाण्याने खालून धुणे सर्वांत स्वस्त. ओल्या गाडीवर जाड कापड टाकणे मात्र टाळावे.

गंज थांबवणारी विजेची यंत्रेही विकली जातात. डेव्हीची युक्ती जहाजाला लागू पडते, कारण जहाजाभोवती सलग समुद्र असतो. जमिनीवरच्या गाडीभोवती तसे काही नसते. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने अशा यंत्राच्या दाव्यांवर कारवाई केली होती.

इव्हान्सचा थेंब वर्गात सहज करता येतो. मिठाच्या पाण्यात चिमूटभर पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलिनचे काही थेंब घाला (आम्ल जवळ ठेवू नका). घासलेल्या लोखंडी पट्टीवर याचा एक थेंब ठेवा. काही मिनिटांत मध्यभागी निळा आणि कडेला गुलाबी रंग दिसू लागेल. निळा म्हणजे विरघळणारे लोखंड. हेच द्रावण चायना ग्रासमध्ये घट्ट करून बशीत ओता आणि त्यात तीन खिळे ठेवा: एक साधा, एक तांब्याची तार गुंडाळलेला, एक जस्ताची पट्टी घट्ट गुंडाळलेला. दुसऱ्या दिवशी पाहा. तांब्याच्या खिळ्याभोवती निळा रंग सर्वांत जास्त पसरलेला असतो, आणि जस्ताच्या खिळ्याभोवती तो नसतो.