मुलाखतीची पारख

श्रोतेहो, नागपूरच्या इतवारीत माझे बालपण गेले. इतवारी म्हणजे इतवारचा बाजार. पण किराणा ओळी, भांडे ओळी, लोहा ओळी, सराफा अशा ओळींनी गजबजलेल्या त्या भागात आता सातही वार इतवारच असतो. आमच्या शेजारच्या किराणा दुकानात कामाला नवा मुलगा आला, की शेटजी त्याला फारसे काही विचारत नसत. “आठ दिवस बस, मग पाहू,” एवढंच म्हणत. मुलगा वजन चोख करतो का, उधारीची वही नीट लिहितो का, हे आठ दिवसांत कळायचंच. ओळखीवाचून त्या दुकानाची पायरी चढता येत नसे, हा त्या पद्धतीतला दोषही सांगून टाकतो. पण एकदा आत गेलेल्याची पारख कामावरून होई, बोलण्यावरून नव्हे.

हे आज आठवायचे कारण आमच्या महाविद्यालयातला एक विद्यार्थी. हिशेबातली चूक त्याला नुसत्या नजरेने दिसते. पण पाच ठिकाणी मुलाखती दिल्या आणि पाचही ठिकाणांहून नकार आला. एका ठिकाणी त्याला म्हणाले, “स्वतःबद्दल सांगा.” याने विचारलं, “कुठून सांगू? जन्मापासून, की शिक्षणापासून?” समोरची मंडळी हसली. त्यांना तो थट्टा करतो असे वाटले. त्याने खरोखरच विचारले होते!

हा मुलगा स्वमग्न आहे. स्वमग्नता हा रोग नव्हे, वेडही नव्हे. ती मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण आहे. अशा माणसांपैकी कित्येकांना डोळ्याला डोळा भिडवणे जड जाते, गोंगाट सोसत नाही, आणि शब्दाचा सरळ अर्थ तेवढा कळतो, आडून बोललेले कळत नाही. आता पाहा, मुलाखतीत नेमके हेच सगळे लागते. कामाची परीक्षा राहते बाजूला, आणि परीक्षा होते ती गप्पांची.

मग ही मुलाखत आली कुठून? शब्द जुना आहे. पेशवेकाळच्या पत्रांतून तो भेटतो. पण तिथे त्याचा अर्थ भेट एवढाच. नोकरीसाठीची पारख हा अर्थ त्याला पुढे चिकटला. आपल्याकडे मुलकी सेवेत पूर्वी वशिल्याने नेमणुका होत. १८५५ पासून त्यासाठी लंडनला स्पर्धा परीक्षा सुरू झाली. विषयांच्या तोंडी परीक्षा तेव्हाही होत्या. पण १९१७ साली ब्रिटनमधल्या एका समितीने निराळीच सूचना केली: विषयाचे ज्ञान न पाहता उमेदवाराची हुशारी आणि तरतरी पाहणारी तोंडी परीक्षा घ्यावी. आजच्या मुलाखतीचा हा एक मोठा उगम.

स्वतंत्र भारतात संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत सुरुवातीला मुलाखतीत किमान गुण मिळवावेच लागत. लेखी परीक्षेत कितीही गुण मिळोत, मुलाखतीत पडला की संपलं! १९५७ साली ही अट काढून टाकली. पुढे श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्रवेशाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे दीडशेपैकी पन्नास गुण मुलाखतीला होते आणि एकेकाची मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली होती. मुलाखतीला इतके वजन देणे मनमानी आहे, असे न्यायालयाने १९८० साली ठरवले. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारच्या गट क आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखतीच बंद झाल्या. म्हणजे मुलाखत ही काही देवाने घातलेली रीत नव्हे. माणसांनी ती आणली, आणि माणसांनीच ती वेळोवेळी बदलली.

याच्या जोडीला आणखी एक कथा ऐका. अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन लिहून स्वमग्नता जगापुढे मांडली. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. हा मुलगा पदवीधर झाला आणि १९५८ सालापासून आपल्या गावच्या बँकेत काम करू लागला. तब्बल पासष्ट वर्षे त्याचे त्या बँकेशी नाते राहिले. २०२३ साली तो वारला. पण ती बँक त्याच्या आजोळच्या मंडळींची होती, हे विसरू नका. ज्यांना तशी बँक नाही, त्यांनी कुणाच्या दारात उभे राहावे?

आपल्या कायद्याने याचे थोडे उत्तर दिले आहे. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते आले. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी किमान चार टक्के जागा राखल्या. त्यांतला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक आणि मानसिक दिव्यांगता अशा काही प्रकारांना मिळून आहे. शिवाय उमेदवाराच्या गरजेनुसार योग्य ती सोय करणे सरकारी कार्यालयांवर बंधनकारक केले. उतार चढण्यासाठी रस्ता करून देतात ना, तशीच ही सोय.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, असा विद्यार्थी तुमच्याकडे असेल, तर चार गोष्टी करा. त्याचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र वेळेवर काढून घ्या. मात्र आपली स्वमग्नता सांगायची की नाही, हे त्यालाच ठरवू द्या. सांगायचे ठरले, तर मुलाखतीआधी पत्र लिहा: खोली शांत असावी, प्रश्न एका वेळी एकच आणि सरळ असावा, उत्तराला सवड मिळावी, आणि शक्य तर काम करून दाखवू द्यावे. ‘स्वतःबद्दल सांगा’ या प्रश्नाचे पाच वाक्यांचे उत्तर घरीच लिहून घोटून घ्या. प्रश्न कळला नाही, तर “आपल्याला नेमके काय हवे आहे?” असे विचारायला शिकवा. तो उद्धटपणा नव्हे. आणि डोळ्यांत पाहण्याची सक्ती करू नका. त्या धडपडीत बिचाऱ्याचे उत्तर हरवते.

आमच्या विद्यार्थ्याने सहाव्या ठिकाणी असेच पत्र धाडले. त्यांनी त्याला तासभर एक खातेवही तपासायला दिली. निकाल अजून लागायचा आहे. पण परतल्यावर तो मला म्हणाला, “सर, आज मला प्रश्न कळले.”

शेतकरी पेरणीआधी मूठभर बी ओल्या गोणपाटात उगवून पाहतो. पिशवीवरच्या चित्रावर तो भिस्त ठेवत नाही. माणसाची पारख करताना एवढा शहाणपणा आपल्याला का जमू नये?