खर्जातली नाममुद्रा

एखादे गाणे आवडते तेव्हा त्यातले नेमके काय आवडले, या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा चुकीचे देतो. चाल आवडली म्हणतो, आवाज आवडला म्हणतो, फार तर शब्दांचे नाव घेतो. आम्हीही वर्षानुवर्षे असेच म्हणत आलो. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरातल्या मोटाउन या कंपनीची १९६०च्या दशकातली गाणी आम्ही विद्यार्थिदशेत ऐकली ती कॅसेटवर, वसतिगृहातल्या एका लहानशा टेपरेकॉर्डरवर. त्या यंत्राचा कर्णा तळहाताएवढा. त्यातून खालचे स्वर धडपणे बाहेर पडणे शक्यच नव्हते. पुढे बऱ्याच वर्षांनी तीच गाणी चांगल्या हेडफोनवर ऐकली आणि ध्यानात आले, की ज्याला आपण चाल समजत होतो तिच्या तळाशी दुसरी एक चाल अखंड वाहते आहे. ती वाजवणाऱ्या माणसाचे नाव कॅसेटच्या वेष्टनावर कोठेही नव्हते.

त्या माणसाचे नाव जेम्स जेमरसन. बेस गिटार वाजवणाऱ्यांत आमचा आवडता कोण, असे कोणी विचारले तर आम्ही त्याचेच नाव घेतो. पण नुसती आवड सांगून भागत नाही. त्याचे वादन थोर का, आणि ते थोर असूनही त्याचे नाव ऐकणाऱ्यांपर्यंत पोहोचायला इतका काळ का लागला, हे दोन प्रश्न आम्हांला एकमेकांत गुंतलेले दिसतात.

आधी वाद्याविषयी दोन शब्द. गिटारच्या खालच्या चार तारा घेऊन त्या आणखी एक सप्तक खाली उतरवल्या की बेस गिटार झाली. तिचे काम खर्ज सांभाळण्याचे. एकीकडे तालवाद्ये आणि दुसरीकडे पियानो, गिटार, गायक; या दोहोंना जोडणारा सांधा म्हणजे बेस. बेसवाला चुकला तर सारेच बिघडते. तो बरोबर वाजवीत असेल तर त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. पूर्वी हे काम माणसाहून उंच अशा उभ्या बेसकडे होते. लिओ फेंडर याने १९५१ साली गळ्यात अडकवता येईल असा विजेवरचा बेस बाजारात आणला आणि वाद्य सुटसुटीत झाले. मात्र बेसने ठेका धरण्यापलीकडे काही बोलावे ही कल्पना त्याहून जुनी आहे. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात १९३९ ते १९४१ अशी जेमतेम दोन वर्षे वाजवणाऱ्या जिमी ब्लँटनने उभ्या बेसला बोलते केले. १९४२ साली क्षयाने तो गेला तेव्हा अवघा २३ वर्षांचा होता.

जेमरसनचा जन्म २९ जानेवारी १९३६चा, साउथ कॅरोलायनातल्या एडिस्टो बेटावरचा. मुंग्यांच्या वारुळात काठी रोवून, तिला रबर ताणून तो लहानपणी वाजवीत बसे, आणि आपण मुंग्यांना नाचवतो आहोत असे त्याला वाटे, अशी एक आख्यायिका सांगतात. खरीखोटी कोणास ठाऊक. पण जो पुढे अर्ध्या जगाला नाचवणार होता त्याला ती शोभते. दक्षिणेतली हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे मोटारींच्या कारखान्यांच्या ओढीने डेट्रॉइटला येत होती, त्या काळात, १९५४ साली, तो आईबरोबर तेथे आला. शाळेत उभा बेस हाती लागला. क्लबांतून जॅझ आणि ब्लूज वाजवीत तो तयार झाला.

१९५९ साली बेरी गॉर्डी याने घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन कंपनी काढली. गॉर्डी स्वतः फोर्डच्या कारखान्यात काम केलेला. पट्ट्यावरून चौकट सरकते आणि दुसऱ्या टोकाला नवी कोरी मोटार बाहेर पडते, हे त्याने पाहिले होते. गाणीही अशीच तयार व्हावीत, हा त्याचा विचार. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या २६४८ क्रमांकाच्या साध्या घरात त्याने स्टुडिओ थाटला. छतावरून तारा लोंबकळत म्हणून वादक त्या खोलीला सापांचे बीळ म्हणत. अर्ल व्हॅन डाइक पियानोवर, बेनी बेंजामिन ड्रमवर, रॉबर्ट व्हाइट, एडी विलिस आणि जो मेसिना गिटारवर, जॅक अॅशफर्ड खंजिरीवर आणि जेमरसन बेसवर. ही मंडळी स्वतःला फंक ब्रदर्स म्हणवीत. दिवसा कारखाना चालायचा, रात्री क्लबात मनासारखे जॅझ. हा रात्रीचा उद्योग लक्षात ठेवला पाहिजे, कारण रात्री साठवलेले जेमरसन दिवसा तीन मिनिटांच्या गाण्यात चोरपावलांनी आणून ठेवीत असे.

त्याचे साहित्य पाहिले तर हसू येते. उजव्या हाताची एकटी तर्जनी. उभ्या बेसवर लागलेली ती सवय विजेच्या बेसवरही सुटली नाही, आणि त्या बोटाला सोबत्यांनी ‘आकडा’ असे नाव ठेवले. १९६२ सालचा फेंडर प्रिसिजन. तारा जाड, गुळगुळीत वेष्टनाच्या; त्या बदलायच्या नाहीत असा नेम. नादाची गोडी तारांवरच्या मळातच आहे, असे तो मानी. घोडीजवळ स्पंजाचा तुकडा दाबलेला. त्यामुळे स्वर लांबत नसे, डग्ग्यावरच्या थापेसारखा घुमून लगेच विरे.

गिटार किंवा पियानो एखादी कॉर्ड धरून असताना बेसवाल्याने तिचा मूळ स्वर समेवर ठेवावा, हा साधा शिरस्ता. जेमरसन तो पाळतही असे. ‘माय गर्ल’ या १९६४ सालच्या गाण्यात आरंभी बेस एकटाच येतो: मोजके स्वर, हृदयाच्या ठोक्यासारखे. मग वर रॉबर्ट व्हाइटची गिटार पायऱ्या चढू लागते. तेथे बेसने आणखी काही वाजवले असते तर गाणे फसले असते. गप्प कोठे राहावे हे ज्याला कळते त्याच्याच बोलण्याला वजन येते, आणि जेमरसन बोलू लागला १९६५-६६ नंतर. मूळ स्वर बाजूला ठेवून तो कॉर्डचा तिसरा किंवा पाचवा स्वर घेई. कॉर्ड तीच राहूनही तिचा रंग पालटे. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधल्या कोमल-तीव्र स्वरांना बोट लावून जाई. मात्रेच्या चौथ्या हिश्श्यावर, भलत्याच जागी, स्वर टाकी. वाटावे आता हा हरवला, तोच समेला हजर. मुक्त तार मधेच छेडून हाताला जागा बदलायला उसंत मिळवी, आणि ती उसंतही लयीचा भाग होऊन जाई.

फोर टॉप्सचे १९६७ सालचे ‘बर्नाडेट’ ऐकावे. लीव्हाय स्टब्ज एका स्त्रीच्या नावाने अक्षरशः आक्रोश करतो. त्या आक्रोशाखाली बेस क्षणभर स्थिर बसत नाही. गायकाची घालमेल शब्दांतून आपल्याला कळते, पण छातीत जी धडधड होते ती खालून येते. किंवा स्टीव्ही वंडरचे १९६८ सालचे ‘फॉर वन्स इन माय लाइफ’. त्यात बेसची एक ओळ पुन्हा जशीच्या तशी आलेली शोधावी लागते. तरीही गायकाच्या वाटेत बेस कोठेही येत नाही. गायक श्वास घेतो तेथे तो पुढे सरसावतो, गायक पुढे आला की मागे सरतो. आम्हांला ही गुणवत्ता सर्वांत दुर्मिळ वाटते. बेसवर एकट्याने मैफल गाजवणारे थोर वादक पुढे झालेच. जेको पास्टोरियसने बेसच्या पट्ट्या उपटून काढल्या आणि १९७६ सालच्या आपल्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत त्या वाद्याला जवळजवळ मानवी गळा दिला. त्याचे कौतुक आम्हांलाही आहे. पण जेको ऐकताना आपण जेकोला ऐकतो. जेमरसन ऐकताना आपण गाणे ऐकतो, आणि दुसऱ्यांदा ऐकताना दचकतो.

आता नावाचा प्रश्न. आम्ही मराठीचे अध्यापक. नाममुद्रेचे महत्त्व आम्हांला निराळे सांगायला नको. संतकवींनी शेवटच्या चरणात आपले नाव गुंफले, शाहिरांनी लावणीच्या अखेरीस गुंफले, म्हणून कर्तृत्व निदान सांगता तरी येते. शाहिराच्या मागे उभे राहून झील धरणाऱ्याचे नाव मात्र कवनात येत नाही. जेमरसन मोटाउनचा झीलकरी होता. कंपनीने गायकांची नावे जगभर नेली. वादकांची नावे वेष्टनावर छापली नाहीत. सुरुवातीच्या काळात वादकांना एका गाण्याचे दहाएक डॉलर मिळत. पुढे पगार बांधून मिळाला, बराच वाढलाही. पण बाहेर वाजवायला बंदी. मंडळी ती बंदी मोडून गुपचूप शिकागोला जात. जॅकी विल्सनचे १९६७ सालचे ‘हायर अँड हायर’ हे गाजलेले गाणे अशाच एका फेरीत झाले. गॉर्डीला खलनायक ठरवण्याचा मोह आम्ही टाळतो. वादकांचे नाव न छापण्याची रीत साऱ्या धंद्याचीच होती, आणि एका कृष्णवर्णीय माणसाने त्या काळात अशी कंपनी उभी करणे हे लहान काम नव्हे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात तरी काय निराळे होते? तबकडीवर संगीतकार, गीतकार, गायक. स्वरलेखन करणारे आणि वाजवणारे गोमंतकीय पडद्याआड. प्यारेलाल यांनी आपले व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस यांचे नाव १९७७ साली एका गाण्यातून घरोघरी पोहोचवले. तेही ऐकणाऱ्यांनी पात्राचेच नाव समजले.

नाव छापले नाही म्हणून बिघडले काय, शैली हीच सही नव्हे काय, असे कोणी म्हणेल. आम्हीही एकेकाळी असे म्हटले असते. परंतु अभंगांच्या पाठचिकित्सेत शैलीवरून कर्तृत्व ठरवताना काय गोंधळ होतात ते आपण जाणतोच, आणि येथेही तेच झाले. लॉस एंजेलिसच्या कॅरोल के या स्वतः नामांकित बेसवादक. बीच बॉइजच्या १९६६ सालच्या ‘पेट साउंड्स’मध्ये त्यांचा हात आहे. मोटाउन लॉस एंजेलिसमध्येही ध्वनिमुद्रणे करी आणि तेथे त्यांनी वाजवले हे खरे. पण ‘बर्नाडेट’सारखी गाणीही आपणच वाजवल्याचे त्यांनी पुढे सांगितले. त्या काळच्या निर्मात्यांनी जेमरसनच्या बाजूने ग्वाही दिली, आणि आमचा कानही तेच सांगतो. पण कानाची साक्ष किती धरायची? मार्व्हिन गे याच्या १९७१ सालच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या ध्वनिमुद्रिकेत काही गाण्यांवर जेमरसन आहे, काहींवर बॉब बॅबिट. बॅबिटने जेमरसनची रीत इतकी आत्मसात केली होती, की केवळ कानाने त्यांना वेगळे करताना आम्ही एकाहून अधिक वेळा फसलो आहोत. नोंद हवीच.

योगायोग असा, की ती नोंद प्रथम त्याच ध्वनिमुद्रिकेवर झाली. गे याने वादकांची नावे छापवून घेतली आणि जेमरसनच्या नावामागे ‘अतुलनीय’ या अर्थाचे विशेषण लावले. शीर्षकगीताच्या वेळी गे याने जेमरसनला एका क्लबातून शोधून आणले, तो इतका प्यायलेला होता की त्याला बसवेना, तेव्हा त्याने जमिनीवर उताणे पडून बेस वाजवला, अशी कथा सांगतात. कथा बाजूला ठेवली तरी गाणे समोर आहे. युद्धावर आणि पोलिसांच्या दंडुक्यावर बोलणारे शब्द, वर गे याचेच एकावर एक ठेवलेले दोन-तीन आवाज, आणि खाली एक बेस जो कोणाशीही भांडत नाही. उंचावर जातो, सप्तकभर खाली झेपावतो, परत येऊन बसतो. बारा वर्षे नाव न छापता वाजवल्यावर हे!

पुढच्याच वर्षी, १९७२ साली, कंपनीने मुक्काम लॉस एंजेलिसला हलवला. वादक कामावर आले तेव्हा दारावर चिठ्ठी होती, आज काम नाही. असे त्यांच्यापैकी काहींनी पुढे सांगितले आहे. जेमरसन मागोमाग पश्चिमेला गेला. पण तेथे नाद बदलला होता. चकचकीत नव्या तारा, लिहून दिलेले बेसचे तुकडे. तारा बदल म्हणून सांगितले तर तो ऐकेना. दारू वाढली, काम आटले. इंग्लंडमध्ये पॉल मॅककार्टनी आपल्या वादनावर जेमरसनचा ठसा असल्याचे मोकळेपणाने सांगत आला आहे. पण त्याने लॉस एंजेलिसमध्ये काम मिळत नव्हते.

मृत्यूनंतर बरेच काही झाले. १९८९ साली अॅलन स्लट्स्की याने त्याच्या वादनाचे स्वरलेखन पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले, सोबत २६ बेसवादकांनी ते वाजवून दाखवले; २००२ साली त्याच नावाचा माहितीपट आला; रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने २००० साली साथीदारांसाठी नवा वर्ग उघडून पहिल्याच तुकडीत त्याला घेतले. जवळजवळ ३० अव्वल क्रमांकाच्या गाण्यांत वाजवलेला माणूस साथीदारच राहिला. त्या वर्गाचे नाव बदलावे असे आम्हांला वाटत नाही, कारण साथ हीच त्याची कला होती.

२५ मार्च १९८३ रोजी पासाडीना येथे मोटाउनच्या पंचविशीचा सोहळा झाला. मायकेल जॅक्सनने त्या रात्री प्रथम मूनवॉक केला, म्हणून जगाला ती रात्र आठवते. एकामागून एक गायक येत होते, जुनी गाणी होत होती. जेमरसनला बोलावणे नव्हते. त्याने दलालाकडून तिकीट घेतले आणि वरच्या गॅलरीत बसून तो कार्यक्रम पाहिला. चार महिन्यांनी, २ ऑगस्ट १९८३ रोजी, लॉस एंजेलिसमध्ये तो वारला. वय ४७. ज्या बेसवर ही सारी गाणी वाजवली होती, ते वाद्य त्याच्या थोडेच दिवस आधी चोरीला गेले होते.