प्रवेश आधी, शिक्षक नंतर : विशेष गरजांच्या मुलांच्या शालेय हक्काचा इतिहास

विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा इतिहास सहसा ‘दयेकडून हक्काकडे’ असा सांगितला जातो. ते खरे आहे, पण अपुरे आहे. या टिपणात आपण प्रत्येक टप्प्याला एकच प्रश्न विचारू : मुलाला शाळेत जागा मिळाली, तेव्हा त्याला शिकवू शकणारा शिक्षकही मिळाला का?

पहिला टप्पा वेगळ्या शाळांचा. १८८०च्या दशकात मुंबईत कर्णबधिर मुलांसाठी आणि १८८७ मध्ये अमृतसरला अंध मुलांसाठी शाळा निघाली. मिशनरी आणि दानशूर मंडळींच्या या शाळांत जाणकार शिक्षक होते; पण शाळा मोजक्या शहरांतच होत्या.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) शक्य तितक्या मुलांना सामान्य शाळेत आणण्याचा आग्रह धरला. १९७४ मध्ये केंद्राची एकात्मिक शिक्षण योजना आली. पुस्तके, प्रवासखर्च, विशेष शिक्षक यांसाठी अनुदान मिळू लागले. मात्र ही योजना होती, हक्क नव्हता. शाळेने योजना घेतली नाही, तर पालकांना दाद मागायला आधार नव्हता.

तो आधार १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्याने दिला : अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षण. पण त्यातील सात प्रकारांत अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अडचणी, नव्हत्या. महाराष्ट्र सरकारने १९९६ मध्ये अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या. देशाच्या कायद्यात मात्र ही अक्षमता २०१६ मध्ये आली. अडचण तीच असूनही मुंबईतल्या आणि झाशीतल्या मुलाला मिळणारी मदत राज्याच्या निर्णयावर अवलंबून राहिली.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. २०१२च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलांना त्यात स्पष्ट स्थान दिले. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात प्रकार सातावरून एकवीस झाले. त्याचे कलम १६ सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांना भेदभावाविना प्रवेश, गरजेनुसार सोयी आणि वैयक्तिक मदत द्यायला सांगते. कलम १७ मध्ये लेखनिक, परीक्षेत जादा वेळ, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. उत्तर प्रदेशातील विशेष शिक्षकांचा प्रश्न रजनीश कुमार पांडे खटल्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला. २८ ऑक्टोबर २०२१ च्या निकालात न्यायालयाने विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवून कायम पदे निर्माण करण्यास सांगितले. २०२२ मध्ये केंद्राने प्रमाण जाहीर केले : पहिली ते पाचवीत दहा दिव्यांग मुलांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवीत पंधरामागे एक. तरीही ७ मार्च २०२५ रोजी पदे जाहीर करण्यासाठी न्यायालयाला राज्यांना पुन्हा आदेश द्यावा लागला. कोठारी आयोगाला तोपर्यंत सुमारे साठ वर्षे झाली होती.

या विलंबाची किंमत मूल मोजते. पहिलीत अक्षर न उमगलेले मूल पाचवीपर्यंत ‘आळशी’ ठरते आणि पुढे शाळा सोडू शकते. म्हणून झाशीतल्या पालकांसाठीही लेखी अर्ज महत्त्वाचा. तोंडी विनंतीची नोंद राहत नाही. मुलाला नेमकी कोणती मदत हवी हे अर्जात लिहावे, मुख्याध्यापकांकडून पोच घ्यावी, आणि उत्तर आले नाही तर सरकारी शाळेबाबत जिल्ह्याच्या बेसिक शिक्षा अधिकाऱ्यांकडे जावे. अक्षमतेचे प्रमाणपत्र अनेक सवलतींसाठी लागते. पण प्रवेशाचा हक्क त्यासाठी थांबत नाही.

उच्च शिक्षणात ठळक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी सरकारी आणि अनुदानित संस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. त्या जागांपर्यंत कोण पोहोचेल, हे मात्र पहिली-दुसरीच्या वर्गातच बरेचसे ठरते.

विचारासाठी : आपल्या शाळेत विशेष शिक्षक होते का? नसतील, तर ते काम कोण करत होते?