डॉलरचं माहेर

डॉलर हा शब्द आपल्याला अमेरिकेचा वाटतो. त्याचं माहेर मात्र बोहेमियातलं, आजच्या चेक प्रजासत्ताकातलं, योआखिम्सटाल. जर्मन सरहद्दीवरच्या एर्त्सगेबिर्ग डोंगरात चांदी सापडली आणि १५१६ साली हे खाणगाव वसलं. तिथल्या नाण्याला लोक टालर म्हणू लागले. डॉलर हे त्याचंच रूप.

या डोंगराचे जुने नकाशे पाहत बसावेत असे आहेत. १७६४ ते १७६८ या काळात ऑस्ट्रियाच्या लष्कराने बोहेमिया मोजला. नकाशे हाताने रंगवलेले, आणि गुप्त! प्रशियाशी लढताना चांगल्या नकाशाविना झालेले हाल ताजे होते. सरहद्दीपलीकडे सॅक्सनीने १७८० पासून १:१२,००० प्रमाणावर, म्हणजे दुपटीहून अधिक बारकाईने, मोजणी केली.

१९४५ नंतर चेक बाजूच्या जर्मन भाषकांना घरंदारं सोडायला लावलं. कित्येक वाड्या ओस पडल्या, काही पाडून टाकल्या. योआखिम्सटाल आता याखिमोव्ह म्हणून ओळखलं जातं. तिथल्या युरेनियमच्या खाणींत पुढे राजकीय कैदी राबले.

त्या वाड्यांच्या जागी आज रान आहे. पणजोबांचं घर नेमकं कुठे होतं, हे एखाद्या नातवाला पाहायचं असेल तर तोफा नेण्यासाठी काढलेला तो नकाशा त्याला पुढ्यात पसरता येतो. वाडी तिथे आहे, ओढा आहे, गिरणीकडे जाणारी वाटही आहे.