पेनीवरचा क्रूस

मजुरीच्या हिशोबात आयुष्य गेले, त्यामुळे नाण्याची कड मी आधी पाहतो. मध्ययुगीन इंग्लंडात दोन ठशांमध्ये चांदीची चकती ठेवून वर हातोडा मारीत, की झाली पेनी. कड ओबडधोबड, लबाड लोक ती कातरीत आणि तूट पुढच्याच्या पदरात पडे. म्हणून १२४७ साली तिसऱ्या हेन्रीने क्रूस थेट कडेला भिडवला. टोक गेले की चोरी उघडी! सुट्या पैशांसाठी पेनी क्रूसावरूनच कापीत. गोल पावपेनी १२७९ पासून रुळली.

क्रूसाभोवती टांकसाळीच्या कारभाऱ्याचे नाव असे. तो मान नव्हता, जामिनकी होती. ११२४ च्या नाताळात पहिल्या हेन्रीच्या हुकमाने असे कारभारी विंचेस्टरला बोलावून, खोट्या नाण्यांबद्दल त्यांचे उजवे हात तोडले गेले. हातोडा मारणाऱ्या मजुराचे नाव मात्र पेनीवर नसे.