८ ऑक्टोबर : एकाच रात्रीच्या दोन आगी

८ ऑक्टोबर १८७१, रविवार. शिकागोत रात्री ओलिअरी कुटुंबाच्या गोठ्याजवळ आग लागली आणि दोन दिवस शहर जळत राहिलं. सुमारे तीनशे माणसं दगावली, लाखभर बेघर झाली. गाईनं कंदील लाथाडला, ही कथा तेव्हापासून चालत आली. बिचाऱ्या गाईवरचा आणि मालकिणीवरचा हा ठपका शिकागोच्या नगर परिषदेनं पुसला तो थेट १९९७ मध्ये!

त्याच रात्री उत्तरेला विस्कॉन्सिनमध्ये पेश्टिगो हे लाकूड कापणाऱ्यांचं गाव वणव्यात बेचिराख झालं. उन्हाळाभर फारसा पाऊस नव्हता. घरं लाकडाची, भोवती जंगल, त्यात सुटलेला सोसाट्याचा वारा. लोकांनी नदीत उड्या घेतल्या आणि डोक्यावर ओली फडकी घेऊन रात्र काढली. पेश्टिगो आणि आसपास किमान बाराशे माणसं गेली; काही अंदाज अडीच हजारांपर्यंत जातात. अमेरिकेच्या इतिहासातला हा सर्वांत जीवघेणा वणवा. पण तारायंत्राच्या तारा जळाल्यानं बातमी उशिरा पोहोचली, तोवर वर्तमानपत्रं शिकागोनं व्यापली होती.

१९१८ मध्ये याच तारखेला, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या आर्गोन जंगलात टेनेसीच्या अल्विन यॉर्कनं मोजक्या साथीदारांसह १३२ जर्मन सैनिक कैद केले. धर्मश्रद्धेमुळे युद्धाला नकार देऊ पाहणारा हाच तो गडी!

आणि १९५६ मध्ये याच दिवशी यांकीज या बेसबॉल संघाच्या डॉन लार्सननं डॉजर्स संघाचे सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाज ओळीनं परतवले. बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजमधला असा ‘परफेक्ट गेम’ तेवढा एकच.