सेगांवच्या आदिनिवासाचा जमाखर्च

वास्तूंच्या इतिहासांत राजवाडे, देवळें, किल्ले व लेणीं यांस मानाचें स्थान मिळालेलें आहे. मनुष्यानें राहण्यासाठीं बांधलेलें साधें घर, त्यासाठीं ठरविलेली रक्कम, ती कशावर वेंचावी व कशावर वेंचूं नये याविषयींचा घरधन्याचा विचार, यांचा इतिहास मात्र क्वचितच कोणीं लिहिला. याचें कारण उघड आहे. राजवाड्याचा लेख दगडावर असतो. घराचा जमाखर्च कागदावर असतो, आणि घर पुरें झाल्यावर पांच-पंचवीस वर्षांत तो वाळवीच्या मुखीं पडतो. वर्धा जिल्ह्यांतील सेवाग्राम येथील ‘आदिनिवास’ या घराच्या बाबतींत सुदैवानें मर्यादेचा आंकडाही उपलब्ध आहे व खर्चाचाही. त्या दोन आंकड्यांचा विचार प्रस्तुत लेखांत योजिला आहे.

(१) स्थलनाम

प्रथम गांवाच्या नांवाचा खुलासा करणें अवश्य आहे. आज ज्यास सेवाग्राम म्हणतात तें वर्धा शहरापासून सुमारें ५ मैलांवरील सेगांव होय. श्रीगजाननमहाराजांच्या वास्तव्यानें प्रसिद्ध झालेल्या बुलढाणा जिल्ह्यांतील शेगांवाशीं नामसादृश्य असल्यामुळें टपालाचा घोटाळा होऊं लागला, म्हणून १९४० सालीं सेवाग्राम हें नांव देण्यांत आलें. संग्राहकांनीं हें ध्यानांत ठेवावें. १९३६ ते १९४० या अवधींतील एखाद्या पत्राच्या माथ्यावर सेगांव अशी अक्षरें असलीं, तर तें बुलढाण्याच्या रुमालांत बांधण्यापूर्वीं आंतील मजकूर नीट वाचला पाहिजे.

वर्धा हें शहरही जुनें नव्हे. जिल्हा १८६२ सालीं निराळा झाला. त्याचें ठाणें प्रथम पुलगांवानजीक कवठा येथें होतें, आणि १८६६ सालीं पालकवाडी या खेड्याच्या जागीं नवें शहर आंखून तें तेथें नेण्यांत आलें. ज्या मुलखांत सरकारनें खेडें मोडून शहर वसविलें, त्याच मुलखांत सत्तर वर्षांनीं एका गृहस्थानें शहरांतून उठून खेड्यांत बिऱ्हाड केलें, हा योग लक्षांत घेण्याजोगा आहे.

(२) मर्यादा

महात्मा गांधी यांनीं १२ मार्च १९३० रोजीं साबरमतीचा आश्रम सोडला तो स्वराज्य मिळेपर्यंत न परतण्याच्या निश्चयानें. पुढें शेठ जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून ते वर्ध्यास आले. १९३४ च्या डिसेंबरांत अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व त्याचें ठाणें वर्ध्याच्या मगनवाडींत पडलें. ग्रामोद्योगाचा उपदेश करणाऱ्यानें स्वतः गांवांत राहावें हा विचार तेथेंच पक्का झाला, आणि जमनालालजींची मालगुजारी असलेलें सेगांव त्यासाठीं ठरलें. मीराबेन तेथें अगोदरच राहूं लागल्या होत्या.

मार्च १९३६ मध्यें महात्माजींनीं जमनालालजींस एक पत्र लिहिलें. घरबांधणीच्या इतिहासांत त्यास आम्ही मोठें महत्त्व देतों. त्यांतील आशय असा: कस्तूरबांची इच्छा असेल तर त्यांच्यासह, नाहीं तर एकट्यानें, सेगांवांत राहावयाचें, झोंपडीवर शक्य तितका कमी खर्च करावयाचा, आणि कोणत्याही परिस्थितींत तो ५०० रुपयांच्या वर जाऊं द्यावयाचा नाहीं, जी मदत लागेल ती गांवांतूनच घ्यावयाची, महादेवभाई आदि सहकाऱ्यांनीं मगनवाडींतच राहावयाचें.

या पत्रांतील क्रम पाहावा. घर बांधावयास निघालेला गृहस्थ सामान्यतः आधीं नकाशा काढवितो, मग गवंडी-सुतारांस विचारतो, आणि अखेरीस ‘खर्च किती येईल?’ असा प्रश्न करतो. येथें खर्चाचा आंकडा प्रथम, राहणाऱ्यांची संख्या त्याबरोबर, आणि आकार सर्वांत शेवटीं. जमनालालजींसारखा धनिक यजमान असतां दहापट रक्कम मिळणें अवघड नव्हतें. मर्यादा पैशाच्या अभावामुळें आलेली नव्हती, हेंच या पत्राचें वैशिष्ट्य होय.

आम्हांस आयुष्यभर संस्कृत शिकविण्याचें काम पडलें, त्यामुळें येथें वराहमिहिराचें स्मरण होतें. बृहत्संहितेच्या वास्तुविद्याध्यायांत राजाच्या उत्तम घराची रुंदी १०८ हात सांगून पुढील चार घरें प्रत्येकीं ८ हातांनीं उणीं केलीं आहेत. चार वर्णांच्या घरांची रुंदी ३२ हातांपासून चार-चार हात कमी करीत १६ हातांपर्यंत आणिली आहे. मर्यादा तेथेंही आहे. परंतु ती पदावरून ठरते, आणि पद वाढलें कीं भिंती सरकतात. सेगांवच्या पत्रांत राहणाऱ्याचें पद मोजमापांत धरलेलेंच नाहीं. दिल्लीस ३४० खोल्यांचा व्हाइसरॉयचा प्रासाद पुरा होऊन तेव्हां फार वर्षें लोटलीं नव्हतीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या फरकाचें वजन कळतें.

(३) बांधणी

महात्माजी ३० एप्रिल १९३६ रोजीं सेगांवांत आले. नंतर प्रकृतीच्या कारणास्तव ते दक्षिणेंत नंदी दुर्गावर गेले, आणि त्या अवधींत मीराबेन व बळवंतसिंह यांनीं घर उभें करविलें. मीराबेन या इंग्रज आरमारांतील एका अॅडमिरलच्या कन्या. बांबू, माती व गांवचे कारागीर यांच्यावर त्यांनीं आपली योजना बसविली. मुदत निसर्गानेंच घातली होती. मृगापूर्वीं छप्पर न पडेल तर मातीची भिंत वाहून जाणार. जूनमध्यें पावसाच्या तोंडीं महात्माजी परत आले ते याच घरांत.

मातीच्या भिंती, बांबू व लांकूड यांचा सांगाडा, वर गांवठी कौलें, भोंवतीं ओसरी, असें हें घर आहे. आमच्या दप्तरांतून ‘काळी’ व ‘पांढरी’ हे शब्द पदोपदीं येतात. काळी ती पिकाची जमीन, पांढरी ती वस्तीची. वर्ध्याकडील काळी माती पावसांत फुगते व उन्हांत भेगाळते, म्हणून ती भिंतीस चालत नाहीं. घरास पांढरीची माती लागते, हें तिकडील प्रत्येक कुणब्यास ठाऊक असतें. दप्तरांतील महसुली भेद हा बांधकामाचाही भेद आहे, हें घराजवळ उभें राहिलें म्हणजे चटकन् पटतें.

(४) हिशेब

आश्रमाच्या परंपरेनें या घराचा खर्च ४९९ रुपये सांगितला आहे. मर्यादा ५००, खर्च ४९९. शिल्लक १ रुपया. एवढ्यावरून ही स्वस्त झोंपडी होती असा समज सर्वत्र पसरला आहे. आमच्या मतें तो तपासून घेतला पाहिजे.

त्या काळचें मोजमाप त्याच काळच्या मजुरीनें करावें हें योग्य. १९३५ सालीं कातणाऱ्यांच्या मजुरीचा प्रश्न निघाला तेव्हां आठ तासांच्या कामास ८ आणे पडावे असें महात्माजींनीं सुचविलें होतें. प्रत्यक्ष दर याहून पुष्कळ खालीं राहिले. हा सुचविलेला उदार दर घेतला तरी ४९९ रुपयांचे ७,९८४ आणे होतात, आणि त्यांस आठांनीं भागितल्यास ९९८ दिवस येतात. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरल्यास ही सुमारें ३ वर्षें ४ महिन्यांची पुरी मजुरी झाली, आणि तीही तोंडांत घांस न घालतां. सेगांवच्या मजुरानें तें घर स्वतःच्या कमाईवर बांधलें नसतें.

शिवाय जमाखर्चांत ज्या रकमा येत नाहींत त्याही वाचल्या पाहिजेत. जागेचें मोल त्यांत नाहीं, कारण ती जमनालालजींकडची. मीराबेन व बळवंतसिंह यांनीं केलेल्या देखरेखीचें मोल नाहीं. पुढील दरसालच्या डागडुजीचेंही नाहीं. मातीचें घर बांधतांना थोडें मागतें व नंतर वर्षानुवर्षें मागत राहतें: पावसाळ्यापूर्वीं कौलें फेरावीं लागतात, भिंतीस लेप द्यावा लागतो, सारवण तर नित्याचेंच.

म्हणून आमचा निष्कर्ष असा कीं, आदिनिवास स्वस्त होता असें म्हणण्यापेक्षां तो मर्यादित होता असें म्हणावें. स्वस्ताई बाजारभावावर अवलंबून असते. मर्यादा घरधन्याच्या निश्चयावर. शिवाय हें घर एका कुटुंबाचें राहिलें नाहीं. त्याच एका मोठ्या खोलींत महात्माजींचा एक कोपरा होता व बाकीचे इतरांचे. खान अब्दुल गफारखान तेथें राहिले. तुकडोजीमहाराज १९३६ सालीं सुमारें महिनाभर येथें होते. खर्चाचा आंकडा दरडोई वांटला तर तो निराळाच दिसूं लागतो.

(५) मर्यादेचा भार

एका खोलीच्या या योजनेंत आडभिंतींचा खर्च वांचला. तो वांचला त्याची झळ कस्तूरबांस लागली. पुरुषमाणसांच्या त्या वर्दळींत त्यांस आडोसा नव्हता. अखेर जमनालालजींनीं त्यांच्यासाठीं वेगळी झोंपडी बांधविली, ती आज ‘बा-कुटी’ म्हणून दाखवितात. घराच्या खर्चांत जी काटकसर होते ती घरांतील सर्वांवर सारखी पडत नाहीं, ही गोष्ट जमाखर्चाच्या वहींत कधींच लिहिलेली नसते. ती दुसऱ्या घराच्या बांधणीवरून ओळखावी लागते.

‘बापू-कुटी’ म्हणून जी प्रसिद्ध आहे ती मुळांत मीराबेन यांनीं स्वतःसाठीं बांधलेली. गर्दी व प्रकृति यांमुळें महात्माजी तेथें राहावयास गेले व ती वाढविण्यांत आली. तिच्या भिंतीवर मीराबेन यांनीं मातीच्या उठावांत ॐ, ताडाचीं झाडें व चरखा काढिला आहे. शोभेस बंदी नव्हती. विकत आणलेल्या शोभेस होती. असबाब म्हणावा तर चटई, बसकें मेज व भिंतींतच केलेल्या फळ्या. याउलट स्नानाची व शौचाची सोय कसोशीनें केलेली आहे. साप पकडून दूर सोडण्यासाठीं लांकडी चिमटा व पिंजरा आहे. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या कारकीर्दींत दूरध्वनीचें यंत्रही आश्रमांत आलें. कशावर वेंचावें याचा क्रम येथें उघड दिसतो: प्रथम आरोग्य, मग काम, आणि बैठक सर्वांत शेवटीं.

१९७८ सालीं इव्हान इलिच हे पाश्चात्त्य विचारवंत सेवाग्रामास येऊन या कुटींत बसले होते. घर हें सामान ठेवण्याचें ठिकाण झालें म्हणजे राहणाऱ्याची जागा कमी होत जाते, अशा आशयाचें विवेचन त्यांनीं तेथील व्याख्यानांत केलें.

आरोग्याची एवढी काळजी घेऊनही १९३६ च्या सप्टेंबरांत महात्माजींस हिंवतापानें गांठलें व वर्ध्याच्या इस्पितळांत न्यावें लागलें. गांवचें पाणी, चिखल व डांस यांवर घराची मर्यादा चालत नाहीं.

सहकाऱ्यांनीं मगनवाडींत राहावें ही पत्रांतील अटही टिकली नाहीं. महादेवभाईंची कुटी झाली, किशोरलाल मश्रुवाला यांची झाली. कुष्ठरोगानें पीडित असे संस्कृतज्ञ परचुरेशास्त्री यांच्यासाठीं झोंपडी झाली व महात्माजी स्वतः त्यांच्या अंगास मालिश करीत. पैशाची मर्यादा पाळतां आली. माणसांची पाळतां आली नाहीं. आम्हांस यांत उणेपणा दिसत नाहीं. ऑगस्ट १९४६ मध्यें महात्माजी येथून निघाले ते परत आले नाहींत. निघण्यापूर्वीं ज्या घरांत ते होते तें ‘आखरी-निवास’ जमनालालजींनीं स्वतःसाठीं बांधिलें होतें. त्यांचें तर १९४२ सालींच निधन झालें होतें.

(६) प्रमाणांचा विचार

घराचें सामान ५ मैलांच्या आंतील असावें हें महात्माजींचें मत म्हणून पुष्कळ सांगण्यांत येतें. तें प्रामुख्यानें प्रसृत झालें तें लॉरी बेकर या स्थापत्यविशारदांमुळें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत मुंबईस ते महात्माजींस भेटले, आणि पुढें केरळांत त्यांनीं जीं अल्पखर्ची घरें बांधलीं त्यांमागें हेंच सूत्र होतें, असें त्यांनीं स्वतः सांगितलें आहे. तेव्हां प्रमाणांची प्रतवारी अशी लागते: ५०० रुपयांची मर्यादा पत्रांतील, म्हणून अस्सल, ४९९ चा आंकडा आश्रमपरंपरेचा, म्हणून दुय्यम पण ग्राह्य, ५ मैलांची गोष्ट ऐकणाऱ्याच्या स्मृतींतील. तिन्ही एकाच ओळींत लिहिणें संशोधनाच्या शिस्तीस सोडून होईल. अस्सल कागद आधीं व बखर मागाहून, हा राजवाड्यांनीं घालून दिलेला दंडक झोंपडीसही लागू आहे.

वाचकांस एक विनंती करावयाची आहे. वर्धा, आर्वी, हिंगणघाट, देवळी येथील जुनीं घरें आज झपाट्यानें पडत आहेत. घर पाडतांना पोथ्या व सनदा कोणी तरी उचलून ठेवतो. ‘घरबांधणी खातें’ म्हणून लिहिलेल्या वह्या मात्र रद्दींत जातात. अशी वही हातीं आल्यास तींतून पुढील गोष्टी टिपून घ्याव्या: आरंभीं ठरविलेली रक्कम व शेवटचा खर्च, सुतार, गवंडी व मजूर यांचे रोजचे दर, लांकूड, बांबू, चुना व कौलें कोठून आलीं, मजुरीचा कोणता भाग धान्यांत दिला, आणि कोणती खोली आधीं योजून पुढें गाळली. शेवटचें कलम विशेष महत्त्वाचें आहे, कारण पैसा अपुरा पडला तेव्हां घरधन्यानें काय सोडलें यावरून त्याचें घर खरें कळतें. सेगांवच्या एका घराविषयीं एवढें लिहितां आलें तें पत्रांतील एका आंकड्यामुळें. असे आंकडे ज्या वह्यांत आहेत त्या वह्या अद्याप जिल्ह्यांत फडताळांतून पडलेल्या असतील, त्या पुढच्या पावसाळ्यापूर्वीं बाहेर काढाव्या.